कडू कंदाचा अर्धा धडा

१० डिसें., मंगळ.
महिनाभर नाही-नाही करून मुख्याध्यापक सरांनी गावातल्या सोमीआजीला माझ्या वर्गावर एक तास दिला. 'पण वर्गातच. अन् वेळेत.' आजी टोपलीभर जंगलातले कंद घेऊन आली. वेल कसा, पान कसं, कुठं खणायचं. अर्धं गोंडीत, अर्धं मराठीत. पाचवीची पोरं इतकी गप्प कधी बसत नाहीत. आजीनं कडू कंद हातात घेतला अन् तास संपला. गणिताचे सर दारात उभे. म्हटलं, 'आजी, बाकीचं उद्या.'

११ डिसें.
आजी आली नाही. घरी धानाची मळणी.

१२ डिसें., गुरु.
पाचवीतली सविता गैरहजर. दुपारी तिचा काका पळत आला. पोरीनं सकाळी कडू कंद खणला, निखाऱ्यावर भाजून खाल्ला. ओकाऱ्या, घशाची आग, डोळे फिरवते. जीप करून आरमोरीचा दवाखाना. तिचं डोकं माझ्या मांडीवर.
'बाई, पान तं बराबर वळखलं होतं नं मी?'
हो म्हटलं. त्यानंतर बोललीच नाही.

१३ डिसें.
सलाईन. डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. सविताची आई ललिता माझ्याकडे बघतसुद्धा नाही. मु.अ.चा फोन. 'वरून विचारलं तर कोणाचं नाव सांगू?' म्हटलं, माझं. आजीचं नको.

१४ डिसें., शनि.
सविता उठून बसली. पेज प्याली. दवाखान्याच्या पायरीवर बसून रडून घेतलं.
तिथून थेट आजीकडे. बाहेर येईना. आतूनच बोलली, 'कापून उकडाचा, मंग टोपलीत घालून वाहत्या पाण्यात ठेवाचा. कडूपणा जाईपर्यंत. थेच सांगाचं राह्यलं. तुनं उठवलं मले.'
दाराशीच बसले.
मग म्हणाली, 'माह्या मायनं मले आधी कंद धुणं शिकवलं होतं. वेल मागून दाखवला. मीच उलटं केलं.'

१५ डिसें.
उद्या पालकसभा. मु.अ.नी ठराव लिहून ठेवलाय, बाहेरचं कोणी वर्गात येणार नाही. 'सही करा, मॅडम.' नाही केली. अजून तरी.

१६ डिसें., सोम.
सभेला गर्दी. एक बाप तडकला, 'पोरायले इंग्रजी शिकाले धाडतो आमी. कंद खणाले नाई!' बऱ्याच माना हलल्या. सर माझ्याकडे पेन सरकवणार, तेवढ्यात ललिता उठली. सभेत ती कधी बोलत नाही.
'माही पोरगी जंगलात तं जाईनच. आजपासून नाई म्हटलं म्हणून का थांबन? अर्धं शिकून राह्यली ते. पुरं कोण शिकवन?'
सरांनी कागद घडी करून खिशात घातला. 'पुढच्या सभेत बघू.'
येताना आजीच्या घरावरून आले. दारात बसली होती. पाहिलं मला. आत ये म्हणाली नाही. उठून दारही लावलं नाही.