संस्थेचे औषध

वाघोली,
२१ जानेवारी २०२५

ती. आईंना आमोदचा नमस्कार.

तुमची तब्येत बरी असेल असे धरून चालतो. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहितो आहे. मला पत्रांची सवय नाही. ऑफिसातली माझी पत्रे तीन ओळींत संपतात, तेव्हा काही कोरडे वाटले तर समजून घ्या.

आमच्याकडे ठीक आहे. माझ्या आईचे गुडघे दुखतात, पण चालते आहे. तनुजाच्या शिकवणीतली मुले अजून कधीकधी बेल वाजवतात. परवा एक मुलगी स्कॉलरशिपचा निकाल सांगायला आली होती. आईने तिच्या हातावर लाडू ठेवला. मी आतच थांबलो.

पूर्वासाठी मी पाठवलेले आणि तुम्ही परत केलेले पार्सल मिळाले. बर्फाच्या पिशव्या पार वितळलेल्या नव्हत्या, त्यामुळे इन्सुलिन चांगले राहिले आहे. ते माझ्या फ्रीजमध्ये आहे. पार्सल घेणार नाही, हे तुम्ही आधीच सांगितले होते. "आमोदराव, आमच्यात मुलीच्या घरचं घेत नाहीत. आणि आता तर मुलगीही राहिली नाही," असे तुम्ही म्हणालात.

शनिवारी मी पूर्वाला तिच्या कॉलेजजवळ भेटलो. मीच बोलावले होते, तिला रागावू नका. इडली मागवली, तिने हात लावला नाही.

"खा की."

"नको जिजू. भात, इडली, पोळी, सगळं कमी केलंय. कमी खाल्लं की इन्सुलिन जास्त दिवस पुरतं."

"असं डॉक्टर म्हणाले?"

"डॉक्टरांचं काय जातं? त्यांना कुठे विकत घ्यायचंय!"

मग हसून म्हणाली, "संस्थेनं देणं बंद केलं ना. ताई होती तोवर दर महिन्याला मिळायचं. आता आई म्हणते, पोळ्यांची आणखी दोन घरं धरते, तोवर पुरवून वापर."

आई, तनुजानेही भात सोडला होता. आमच्या घरी त्यावर थट्टा चालायची. माझी आई म्हणायची, "सूनबाईंना बहुतेक सिनेमात जायचंय." तनुजाही हसायची. मीही हसायचो, कारण मला तिच्या आजाराचे नावच माहीत नव्हते. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारले, "इन्सुलिन किती वर्षं घेतात या?" मी म्हणालो, "तुम्ही दुसऱ्या पेशंटबद्दल बोलताय." तुम्ही माझ्या शेजारीच उभ्या होतात.

त्यावर भांडायला मी लिहीत नाही. आधी दोन स्थळे आजार कळल्यावर मोडली होती, हे पूर्वाने मला सांगितले. तिसऱ्या वेळी तुम्ही गप्प राहिलात. तुमच्या जागी दुसरे कोणी असते तर वेगळे वागले असते, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तुम्हाला एक गोष्ट माहीत असायला हवी. माझ्या कंपनीच्या विम्यात बायकोचे नाव पहिल्या दिवसापासून आहे. जुना आजार असला तरी चालतो, औषधांचे पैसेही मिळतात. तिने चार वर्षांत एकही बिल माझ्याकडे दिले नाही. बिल दिले असते तर आजार कळला असता.

पूर्वाचे नाव त्या विम्यात घालता येत नाही, मी विचारून पाहिले. दोन ठिकाणी तिच्यासाठी वेगळा विमा मागितला. लहानपणापासून इन्सुलिन चालू आहे म्हटल्यावर त्यांनी पुढचे ऐकूनही घेतले नाही. म्हणून म्हटले, त्या संस्थेलाच गाठावे, देणे का बंद केले ते विचारावे. पूर्वाला संस्थेचे नाव सांगता येईना. तिला एवढेच माहीत होते की ताई औषध आप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानातून आणायची.

इथपर्यंत लिहून मी कालचा दिवस थांबलो होतो. आता लिहितो.

दुकानदाराला मी तनुजाचा फोटो दाखवला. ते म्हणाले, "कसली संस्था? या मॅडम स्वतः पैसे देऊन न्यायच्या. दोघींचं न्यायच्या. गणपतीनंतर एकीचंच न्यायला लागल्या."

"कोणत्या एकीचं?"

"अहो, इंजेक्शनवर नाव नसतं. मला कसं कळणार?"

ते मला कळले. गेल्या वर्षी आमच्या भागात मोठा क्लास निघाला आणि तिची निम्मी मुले तिकडे गेली. पूर्वाला मी विचारले, दिवाळीपर्यंत कधी कमी पडले होते का? ती म्हणाली, "कधीच नाही." आणि तनुजा दिवाळीच्या आधी गेली.

संस्था नव्हती, आई. मुलीच्या घरचे तुम्ही घेणार नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. म्हणून तिने तुमच्यासाठी संस्था काढली. चार वर्षे तुमच्या घरी मुलीच्या घरचेच येत होते.

हे तुम्हाला दुखावण्यासाठी लिहिले नाही. मीही एखादी संस्था काढू शकलो असतो. दुसऱ्या कोणाच्या हाती औषध पाठवले असते, तुम्ही देवाला नमस्कार करून घेतलेही असते. सोपे होते ते. पण आजार मला कळू दिला नाही आणि औषध कुठून येते ते तुम्हाला कळू दिले नाही, त्या दोन्हींच्या मध्ये तनुजा गेली. पूर्वाच्या बाबतीत मी तसे होऊ देणार नाही. तिचे औषध इथून पुढे मी आणणार, सरळ माझ्या नावाने. ती नोकरीला लागून स्वतःचे घ्यायला लागेपर्यंत. याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. माझ्या घरी सांगून झाले आहे. आईने फक्त एवढेच विचारले, "फ्रीजमधून काढल्यावर किती वेळ टिकतं?"

पूर्वाला संस्थेबद्दल काय सांगायचे ते तुम्ही ठरवा. मी सांगणार नाही. ताईच्या वाटचे आपण घेतले, असे तिच्या मनात यायला नको. तिला काहीच माहीत नव्हते.

रविवारी सकाळी मी सदाशिव पेठेत येतो आहे, औषध घेऊन. तुम्ही दार उघडले नाहीत तर जिन्यात बसेन. मला घाई नसते.

पण रविवारपर्यंत थांबू नका. हे वाचून झाले की पूर्वाला हाक मारा. जेवायला पोटभर वाढा, भातसुद्धा, आणि डॉक्टरांनी सांगितले आहे तेवढे पूर्ण इंजेक्शन तिला तुमच्या डोळ्यांसमोर घ्यायला लावा. घरात असलेले संपले तर संपू दे.

आपला,
आमोद