उघाडीच्या फळ्या आणि हिरवं अ‍ॅप

५ जुलै
पेणच्या खारेपाटातल्या आमच्या गावाच्या पूर नियोजन समितीचा अध्यक्ष झालो. बिनविरोध. (उभा मी एकटाच होतो, पण तो मुद्दा नाही.) पुराचा इशारा देणारं एक साधन निवडा, म्हणाली पैसे देणारी संस्था. विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करून रोह्यात दुकान उभं केलंय. यंत्र मला कोणी शिकवू नये.

९ जुलै
तीन साधनं आली. भोंगा, पुण्याचं अ‍ॅप, आणि बायजाबाईंची पाण्याची पातळी मोजायची रंगवलेली काठी. बायजाबाई मिठागरात कामाला. बंधाऱ्याच्या उघाडीत, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायच्या दारात, फळ्या त्यांचंच घर लावतं. भरतीला लावल्या नाहीत तर खारं पाणी भातात. काठी बाद. संस्थेला फोटो कसला पाठवणार?
अ‍ॅपवाल्या आदर्श साहेबांना विचारलं, यात भरती कुठे दिसते. म्हणाले, सध्या फक्त नदी. प्रामाणिक माणूस. अ‍ॅप घेतलं.

१५ जुलै
ठराव: अ‍ॅप सांगेल तेव्हाच फळ्या हलवायच्या. फळ्या समितीच्या खोलीत. कुलूप. चावी माझ्या खिशात.

२४ जुलै, अमावस्या
बायजाबाई दारात. उद्या दुपारी उधाण, सकाळीच फळ्या लाव म्हणाल्या. अ‍ॅप दाखवलं. हिरवं.
"हिरवं हाय ते खाडीला म्हायती हाय का, इकबालभाय?"
गोड बोलून वाटेला लावलं. बायको शरीफा आतून म्हणाली, आपली लावणी परवाच झालीय. बायकांना सगळीकडे घरचंच दिसतं.

२५ जुलै, दु. १२.२०, रोहा
दुकानात. भाऊ फैजलचे सात मिस्ड कॉल. अ‍ॅप हिरवंच.

१२.४०
फैजल म्हणतो, पाणी बंधाऱ्याच्या आत. कुलूप तोडू का? म्हटलं थांब, साहेबांना विचारतो. साहेब जेवायला गेलेत.

१.१५
तोड म्हणालो. बायजाबाईंनी केव्हाच तोडलंय. कमरेभर पाण्यात फळ्या लावतायत.

२६ जुलै
माझ्या शेतात रोपं उभी आहेत. पाणीही. शेजारचं शेत बायजाबाईंचं. त्यांनी बोट बुडवून चाखलं, थुंकल्या. माफीचा मसुदा केलाय. अ‍ॅपचा दोष ठळक अक्षरात.

२७ जुलै
बायजाबाईंनी मसुदा वाचू दिला नाही. म्हणाल्या, ओहोटीला फळ्या काढायच्या, भरतीला लावायच्या. पावसानं मीठ धुतलं तर धुतलं.
"दिसातना दोन येळा. तू यायचंस."
अध्यक्षाने अंगमेहनत करावी का, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. उद्या आठला बोलावलंय. दुकान बंद. भरतीची वेळ कशी काढतात, तेही विचारून ठेवलं. म्हणाल्या, आधी फळी उचलायला शीक.