पुढचा शाफ्ट

२१ सप्टेंबर, रविवार

जीप चढली! पुरात बुडून भंगारात निघालेली जीप. मी आणि माझ्या दोस्ताने, हर्षदने, चार वर्षांचे रविवार घालून उभी केलेली. आज पोलादपूरकडच्या चढावर पहिल्यांदा चारही चाकांनी ओढली. हर्षद खाली उभा राहून शिट्ट्या मारत होता.

आणि वर माझ्या डोळ्यांपुढे एकदम अंधारी आली. जीप मागे घसरली, दगडाला अडली म्हणून वाचलो. हर्षदला म्हणालो, गिअर निसटला. खरं काय ते फक्त इथे लिहितोय. घरी कळलं तर जीपला हात लावू देणार नाहीत.

२८ सप्टेंबर

पुढच्या रविवारी चिखलातली शर्यत. हर्षद म्हणे, "यंदा मी चालवतो ना रे, तू बाजूला बस." साफ नाही म्हणालो. स्टिअरिंग माझंच! त्याचं तोंड उतरलं. उतरू दे.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

पाने, हातोडी, जॅक धुऊन पाटावर मांडले. सेजलने हळदकुंकू वाहिलं. बायको असावी तर अशी — चार वर्षं जीपखाली बॅटरी धरून बसते, कधी कुरकुर नाही. हर्षद नारळ फोडून गेला. आता उद्या सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

पुढचा शाफ्ट गायब!

जीपला तोरण बांधायला शेड उघडली, सहज खाली वाकलो — पुढची चाकं फिरवणारा दांडाच नाही! आता चिखलातून काय ढकलत नेऊ? बोल्ट मात्र वाटीत नीट ठेवलेले. चोराची टापटीप बघा! चौदाच्या पान्यावरचं कुंकू फिसकटलेलं.

कुलूप शाबूत. किल्ल्या दोनच. एक आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला, दुसरी हर्षदकडे. आणखी काय पुरावा पाहिजे?

३ ऑक्टोबर

महाडला एसटी डेपोसमोर गाठला त्याला. चारचौघांत तोंडाला येईल ते बोललो.

"पूजेच्या पान्याला मी हात लावीन काय रे? चार वर्षं तुझ्यासंगं जीपखाली लोळलो मी!"

शेडची किल्ली माझ्या पायाशी टाकून गेला. परक्याने केलं असतं तर एवढं लागलं नसतं.

५ ऑक्टोबर

शर्यतीला गेलो नाही. हर्षद म्हणे शर्यतीतल्या दुसऱ्या कुणा साहिलच्या जीपमध्ये बसला होता. बसणारच! विश्वासघातकी.

६ ऑक्टोबर

भात वाढता वाढता सेजलने विचारलं, "अंधारी परत आली नाय ना हो?"

मी कुणालाच सांगितलं नव्हतं. वही उघडली. एकवीस तारखेच्या पानावर, कडेला, कुंकवाचा अंगठा.

माझी वही, सेजल!

हेही वाचशीलच. शाफ्ट कुठे ठेवलास ते नंतर बघू. आधी हर्षदला फोन कर. मला तोंड नाही.