तीन भेटींच्या तारखा

१४ जून १९९९, सोमवार. नांदेड

प्रश्नावली सरांनी अखेर मंजूर केली. विषय तोच: भूकंपानंतर वसवलेल्या गावांतील पाच वर्षांखालील मुलांचे लसीकरण. एक नियम माझ्या आग्रहाने घातला. घराला कुलूप असेल तर वेगवेगळ्या दिवशी तीन भेटी द्यायच्या. तिन्ही वेळा कुणी भेटले नाही तरच अर्जावर 'आढळले नाही' लिहायचे. सर म्हणाले, "दोन पुरेत गं. एम.डी.चा प्रबंध आहे, जनगणना नव्हे." मी तीनच ठेवल्या. अर्धवट कामाचा मला तिटकारा आहे.

आप्पा लातुरात सांगतात, "मुलगी एम.डी. करते." कशात, ते सांगत नाहीत. पी.एस.एम., म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्र, हा शब्द त्यांच्या तोंडून अजून ऐकलेला नाही. मेडिसिनची जागा थोडक्यात हुकली, ती हुकली. हा प्रबंध मात्र असा लिहीन की...

२२ जून, मंगळवार. लातूर

गाव क्र. ४. (नावे गुप्त ठेवायची, इथेसुद्धा.) सिमेंटच्या एकसारख्या घरांच्या रांगा, प्रत्येकावर रंगाने काढलेला आकडा. नर्स शेवंताबाई, पन्नाशीच्या असतील, उपकेंद्रात एकट्या. बोलणे गावंढळ, पण नोंदवही इतकी स्वच्छ की संशय यावा. कुठे खाडाखोड नाही. ती सोबत न्यायला दिलीच, भूकंपाआधीची जुनी वहीही काढून दिली. मातीचे डाग, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. "ढिगाऱ्यातनं काढली मॅडम. वापस द्या बरं का."

शेवटच्या रांगेतल्या सात घरांना कुलूप. एकाच भावकीची घरे, सगळी पेरणीला गेलेली.

"सांजच्याला येतेत सगळे. थांबा की."

"माझी बस आहे."

"एक दिस ऱ्हावा माझ्याकडं. भाकर खावा."

थांबले नाही. पहिली भेट: २२ जून.

२६ जून, शनिवार. लातूर

आप्पा ज्या क्लासात गणित शिकवतात तिथे आज माझे व्याख्यान: मूत्रपिंडाची रचना. एका पत्र्याच्या शेडमध्ये इतकी मुले की दारातही उभी. हदगाव, देगलूर, कुठून कुठून आलेली; लातुरात आता माडी अशी उरली नाही जिच्यावर दोन पोरे खाट टाकून पाठांतर करत नाहीत. मी फळ्यावर चित्र काढले, एका रेषेत, न पुसता. "मॅडम, आणखी एकदा!" आप्पा शेवटच्या बाकावर बसले होते. परतताना म्हणाले, "हे शोभतं तुला."

आज गावाला जायचे ठरले होते.

३ जुलै, शनिवार. लातूर

पुन्हा क्लास, दोन तुकड्या. सायंकाळी घरी बसून गाव क्र. ४ चे अर्ज पूर्ण केले. अक्षर चांगले आले.

७ जुलै, बुधवार. नांदेड

सापडले. कुलूप असलेल्या सात घरांतल्या मुलांची नावे आणि डोस हा भाग तेवढा रिकामा राहिला होता, म्हणून शेवंताबाईंच्या दोन्ही वह्या शेजारी ठेवून तो भरायला बसले. नव्या वहीत: सुवर्णा, आई कलावती, जन्म १९९५, सर्व डोस पूर्ण. जुन्या वहीत: सुवर्णा, आई कलावती, जन्म १९९१, सर्व डोस पूर्ण. तीच आई, तेच नाव, चार वर्षांनी धाकटी. अशी पाच मुले; उरलेल्या दोन घरांत पाच वर्षांखालचे मूलच नाही. आणि खरी मेख पुढेच: या पाचही मातांपुढे जुन्या वहीत, शेवंताबाईंच्याच अक्षरात, 'कु. नि. शस्त्रक्रिया झाली' अशी नोंद. शस्त्रक्रिया झालेल्या बाईला मूल होत नाही. बाईंनी जुनी नावे उचलून वर्षे बदलली आणि उद्दिष्ट भरले.

एवढी स्वच्छ वही उगीच नसते. स्वतःवर खूश आहे, हे लपवत नाही.

९ जुलै, शुक्रवार. लातूर

तालुक्याच्या मासिक बैठकीला आलेल्या शेवंताबाईंना वऱ्हांड्यात गाठले. दोन्ही पाने समोर धरली. ही नावे दोनदा कशी?

"तशीच हायत, मॅडम."

"म्हणजे?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिले. भोवती इतर नर्सा होत्या. "त्यांच्या आयांना इचारा. गावात ते कुणी बोलत न्हाई. मी कशी बोलू?"

उर्मटपणा. उत्तर नसले की माणसे गावाच्या आडोशाला जातात.

१९ जुलै, सोमवार. नांदेड

सरांनी दोन्ही वह्या स्वतः तपासल्या. "दृष्टी आहे तुला," म्हणाले. पत्र जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयाला गेले, खाली सरांची सही, सोबत माझे अर्ज जोडलेले. पाचही अर्जांवर तिसऱ्या भेटीपुढे 'आढळले नाही'.

१८ ऑगस्ट, बुधवार. नांदेड

शेवंताबाई निलंबित. चौकशी लागली आहे. मला वाईट वाटले नाही. खोट्या आकड्यांनी मुले मरतात, हे मी क्लासातही सांगते.

त्यांचा खुलासा सरांकडे आला. टाईप केलेला नाही, हाताने लिहिलेला. त्यात एक वाक्य: 'मॅडम गावात एकदाच आल्या.' सर हसले. "बघ, आता तुझ्यावर उलटली." मग चष्म्यावरून पाहत, "तीनदा गेली होतीस ना?"

"तीनदा, सर."

किती पटकन म्हणाले.

३१ ऑगस्ट, मंगळवार. लातूर

प्रबंधासाठी घरांची छायाचित्रे हवी होती, म्हणून गाव क्र. ४. शेवटची रांग. या वेळी दारे उघडी होती.

पहिल्याच ओट्यावर एक बाई शेंगा फोडत बसलेली, शेजारी मुलगी. सवयीने विचारले, नाव काय गं? "सुवर्णा." वय? तिने चार बोटे दाखवली.

मी बाईला म्हटले, "तुम्ही कलावती?"

"हाव. तुम्ही कुठनं आलाव?"

सांगितले. तिचे हात थांबले.

"तुमीच का त्या? आमची लेकरं न्हाईतच म्हनून लिव्हलेल्या?" मग मुलीकडे वळून, "सोने, दंड दाखव मॅडमला. तू हाईस का न्हाईस ते बघायलेत त्या."

मुलीने बाही वर केली. डाव्या दंडावर बी.सी.जी.चा व्रण. गोल, जुना, जसा असावा तसा.

मी विचारू नये ते विचारले. तुमचे ऑपरेशन झाले होते ना?

"झालतं. शेवंताबाईनंच नेलतं, दोन लेकरं बास म्हनून. मग ते झालं." भूकंप हा शब्द तिने उच्चारला नाही. "मग शेवंताबाईच आल्या. दारात बसून माज्यापेक्षा जास्ती रडल्या. त्याच घेऊन गेल्या लातूरच्या दवाखान्यात, नस जोडून घ्यायला. आमच्या रांगेतल्या पाच जनींना. दोन येळा न्यावं लागलं मला."

"आणि नाव..."

आतून सासू बाहेर आली. हलक्या आवाजात, पण मला ऐकू जाईल असे बोलली, "बाई, शिकलेल्या दिसताव. तिच्यापुढं पहिली, दुसरी असं करू नगा. आमच्यात तसं बोलत न्हाईत. आमची सुवर्णा एकच हाय."

छायाचित्र काढले नाही.

१ सप्टेंबर, बुधवार. नांदेड

नस पुन्हा जोडता येते, हे मला ठाऊक नव्हते काय? परीक्षेत या प्रश्नाला मला पूर्ण गुण आहेत. भूकंपातल्या मातांसाठी सरकारने या शस्त्रक्रिया केल्या, तेही वाचले होते. पण माझ्या तक्त्यात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेचा रकाना 'कायमस्वरूपी' आहे.

उघड्या घरांतली नावेही आज जुळवून पाहिली. आणखी चार मुले तशीच. त्यांचे दंड मी स्वतः पाहिले होते, एकाला खडीसाखर दिली होती. ती जुळवली नव्हती, कारण त्यांचे अर्ज भरलेले होते.

आता ते लिहिते, जे या वहीतही लिहिले नव्हते. दुसरी भेट २६ जून, तिसरी ३ जुलै, असे पाचही अर्जांवर माझ्या अक्षरात आहे. दोन्ही दिवशी मी लातुरात फळ्यापुढे उभी होते. वरची पाने उघडली तर तेही माझ्याच अक्षरात आहे. खोट्या नोंदीबद्दल ज्या बाईला घरी बसवले, तिची एकही नोंद खोटी नाही. माझ्या दहा आहेत.

भूकंप झाला तेव्हा एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला होते. वर्गातले निम्मे मदतीला गेले होते. मी गेले नाही, सहामाही होती. आतापर्यंत याला मी शिस्त म्हणत आले.

४ सप्टेंबर, शनिवार. लातूर

क्लासला निरोप धाडला, बरे नाही. शेवंताबाईंचा पत्ता काढला. भावाची मेस आहे, क्लासच्या मुलांची. तिथे पोळ्या लाटतात. हात कणकेचे; उठल्या नाहीत, बसूनच म्हणाल्या, "या मॅडम. खाली पाट हाय."

पाठ करून आणलेली वाक्ये होती. तिसऱ्यानंतर सुचेना.

"मला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या. "चौकशीच्या सायबानं तुमचे कागद दाखवले. सव्वीस तारखेला मी दिवसभर त्याच रांगेत डोस पाजायले. म्हटलं, ही पोर कवा आली?" तव्यावरची पोळी उलटली. "आणखी एकदा आला असता, भाकर खाऊन ऱ्हायला असता, तर येळ गेला असता का लई?"

"तुम्ही मला बैठकीत का नाही सांगितलंत? एका वाक्याचं काम होतं."

"त्या पाच जनींना मीच नेलतं पहिल्या ऑपरेशनला. हिंडून हिंडून, समजूत घालून. माज्याच तोंडानं वऱ्हांड्यात उभं ऱ्हाऊन सांगू, की पहिली लेकरं गेली म्हनून?"

बाहेरून एक मुलगा ओरडला, "मावशी, पोळ्या कमी हायत!" त्या न पाहता म्हणाल्या, "अभ्यास कमी हाय का बघ आधी."

मग माझ्याकडे पाहून, अगदी सरळ: "लिहून देताव का?"

"देते."

"तारखांचंबी?"

मी हो म्हटले. त्यांचा विश्वास बसला नाही, आणि त्यांनी तो बसल्याचे दाखवलेही नाही. हे बरे केले.

५ सप्टेंबर, रविवार. लातूर

शिक्षकदिन. क्लासची मुले आप्पांना गुलाब देऊन गेली. ती गेल्यावर सांगितले. आप्पांनी सगळे ऐकून घेतले.

"मुलं आहेत, एवढं लिही. बाई सुटेल. तारखांचं कशाला?"

"बाईंनी खुलाशात लिहिलंय की मी एकदाच गेले. तारखा ठेवल्या तर त्या खोट्या ठरतात."

"प्रबंध रद्द होईल. दोन वर्षं जातील. लोक काय विचारतील, ठाऊक आहे?"

सातवीत माझ्या बेरजेत दोन गुण चुकून जास्त लागले होते. याच माणसाने मला हाताला धरून शाळेत नेले होते, ते कापून घ्यायला. मी आठवण करून दिली.

"ते दोन गुण होते," आप्पा म्हणाले आणि मान खाली घालून फुलांचे रबर काढत बसले. त्यांच्याकडे पाहवेना. माझीच मान तशी दिसत असणार.

८ सप्टेंबर, बुधवार. नांदेड

सरांना पत्र दिले. त्यांनी दोनदा वाचले. "पुनर्तपासणीत मुले आढळली, असं आपण कळवू. मी सही करतो. तारखांचा परिच्छेद काढ." मी नाही म्हटले. "मग माझ्यामार्फत जाणार नाही. आणि माझ्यामार्फत गेलं नाही तर तिथला कारकून घेणार नाही." पत्र खणात ठेवले. रागावले नाहीत. रागावले असते तर सोपे होते.

वसतिगृहात येऊन चार मसुदे केले. चौथा उत्तम उतरला. क्षमायाचनाही मी उत्तम उतरवते आहे, हे लक्षात आले तेव्हा...

११ सप्टेंबर, शनिवार. नांदेड

काही केले नाही. भीती वाटते. नेमकी कशाची: प्रबंधाची नव्हे, क्लासातल्या त्या मुलांची. कळेलच त्यांना.

२१ सप्टेंबर, मंगळवार. लातूर

चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर बसून लिहिते आहे. सरांची परवानगी नाही, रजा टाकलेली नाही. पत्र पर्समध्ये आहे. चारातले एकही नव्हे. सकाळी बसमध्ये लिहिले, अक्षर वेडेवाकडे आहे.

शेवंताबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला. कलावती सोबत आली आहे, मुलीला घेऊन. मुलगी मधूनमधून स्वतःची बाही वर करून दंड पाहते. हे तिला मी शिकवले.

शिपायाकडे टाईप केलेली यादी. त्याने विचारले, "मॅडम, नाव?" सांगितले. त्याने बोट फिरवले. "हां, हाव की. तक्रारदाराकडनं. इकडच्या बाजूला बसा."

"मला दुसऱ्या बाजूला घाला."

"बाईकडनं?" त्याने मान वर केली. शेवंताबाईंनीही. "तसं न्हाई जमत. यादी वरून येती. सायबाला सांगा तुम्ही."

"साहेब कधी बोलावतील?"

"आधी बाई. मग तुम्ही."

शेवंताबाई उठल्या, पदर सारखा केला आणि माझ्यापुढे हात केला. पत्रासाठी. आपल्याबरोबर आत न्यायला. मी म्हटले, मी स्वतः देईन. त्या क्षणभर तशाच थांबल्या, हात तसाच पुढे, मग आत गेल्या.

दार लोटले आहे. आतले ऐकू येत नाही. पत्र तेव्हाच का दिले नाही, हे मला...