पाचशे नव्वद

अण्णा, मला तुमचा हेवा वाटतो. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि गेलेल्या बापाचा हेवा करणं बरं दिसत नाही हे मलाही कळतं. पण पन्नाशी ओलांडल्यापासून रोज सकाळी चष्मा शोधताना पहिली आठवण तुमची येते, आणि ती काही प्रेमानं येत नाही. तुम्ही चष्मा लावला तेव्हा गारखेड्यातल्या घरी येणारा जाणारा म्हणायचा, अण्णा आता कसे भारदस्त दिसतात. मी लावला तर माझी जाऊ म्हणाली, वय दिसायला लागलं हो तुमचं. केसांचंही तेच. तुमचे पिकले तेव्हा लोक तुमच्या पाया पडायला लागले. माझे पिकले तेव्हा शेजारणीनं मेंदीचं पाकीट आणून दिलं.

तुमचंच काम करते मी. निजामाच्या राजवटीत इथला सगळा महसूल उर्दूत चालायचा. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, पण जुने कागद काही मराठी शिकले नाहीत. मग तुमच्यासारख्या, उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाकडं लोक पुडकी बांधून आणू लागले आणि तुम्ही ते कागद मराठीत उतरवून देऊ लागलात. भावाला त्यात रस नव्हता, म्हणून माझ्या वाट्याला आलं. स्वयंपाकघरात शहाबादी फरशीवर ओल्या बोटानं तुम्ही अक्षर काढायचात आणि ते वाळायच्या आत मी वाचायचं. आई भाकरी थापताना मधेच म्हणायची, पोरीला जेवू तरी द्या. बारा वर्षांची होते मी. एकदा फाटलेल्या जागी मी मनानंच एक नाव घातलं, तर तुम्ही वही मिटली आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणालात, वाचता येत नाही तिथं जागा कोरी सोडायची, अंदाज लिहायचा नाही, लोकांची शेतं असतात त्यात. आज पुंडलिकनगरात, पुढच्या खोलीत माझं टेबल आहे, आणि तीस वर्षांत मी एकदाही अंदाज लिहिलेला नाही. पण आलेला माणूस पुडकं सोडायच्या आधी सांगतोच, ताई, अण्णा नुसती नजर टाकायचे आन् सांगायचे. मी हसते. आतून काय होतं ते तुम्हाला सांगत्येय.

कारण माझं आता नुसत्या नजरेवर काही भागत नाही. एक ओळ दोनदा वाचावी लागते. बसल्या बसल्या पोटातून वाफ उठते, मानेपर्यंत येते, पदर ओला होतो आणि समोरचा माणूस पंख्याकडं बघायला लागतो. परवा स्वयंपाकघरात चाळणीला काय म्हणतात तेच आठवेना, हातात चाळणी धरून उभी होते. कुकरची रिंग नीट बसेना म्हणून रडले, अण्णा, चांगली पाच मिनिटं रडले. यांना सांगितलं तर म्हणाले, डॉक्टरला दाखव, आणि पेपर उघडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात सगळ्यांचंच होतं, चालत जा रोज. सगळ्यांचं होतं तर तुमचं का नाही झालं, हे मला त्यांना विचारायचं होतं. पन्नाशीतले तुम्ही मला आठवता ते ताठ बसलेले, तालुक्यातलं प्रत्येक गाव आणि त्यातलं प्रत्येक घराणं पाठ असलेले. मला वाटायचं, मेंदू तुम्ही सोबत घेऊन गेलात आणि मला नुसतं टेबल ठेवलं.

मग उन्हाळ्यात माझ्याकडून ती चूक झाली. तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही, पण लिहिते, कारण लिहिल्याशिवाय मला ती नीट दिसत नाही. जुन्या महसुली कागदावर साल फसली, म्हणजे पीकपाण्याच्या हिशेबाचं असतं, त्यात पाचशे नव्वद मिळवले की आपला सन येतो. काही कागदांवर हिजरी साल असतं, त्याचा हिशेब वेगळा. दोन्ही तेराशे अमुकच दिसतात, आणि एकाच्या जागी दुसरं धरलं की नऊ-दहा वर्षांचा घोळ होतो. या धंद्यात शिकाऊ माणसाकडून होणारी चूक ही. मी फसली साल हिजरी म्हणून धरलं. कन्नड तालुक्यातले एक पटेल, सत्तरीचे, त्यांच्या आज्याच्या आणि आज्याच्या भावांच्या वाटणीचा कागद घेऊन आले होते. उतरवून दिला. आठ दिवसांनी परत आले, दारातच उभे राहिले. म्हणाले, "ताई, बाप वारल्यावर वाटणी केली आसं लिव्हलंय. आन् साल टाकलंय तव्हा आमचा पणजा जिता व्हता. बाप जिता आसताना वाटणी केली व्हय त्यांनी?" मी कागद हातात घेतला आणि खाली बसले. त्यांनीच मला पाणी मागवलं माझ्या घरात.

दुरुस्त करून दिलं. पण तहसिलीच्या आवारात ती गोष्ट तीन आठवडे फिरली. झेरॉक्सवाल्यानं मला काळजीनं विचारलं, ताई, तब्येत बरी आहे ना. त्या तीन आठवड्यांत मी एकही पुडकं सोडलं नाही. वाटायचं, आता हे बंद करावं. मनात असंही यायचं, की तुम्ही असता तर मला ओरडलाही नसता, नुसती वही मिटली असतीत.

आणि अण्णा, त्याच पटेलांनी तुम्हाला आणून माझ्यासमोर ठेवलं. त्याच शेताचा एक आधीचा कागद त्यांच्या वडिलांनी तुमच्याकडून उतरवून घेतला होता, चाळीसेक वर्षांपूर्वी. मला धीर द्यायलाच आणला होता बिचाऱ्यांनी. म्हणाले, "अण्णाच्या हातचं हाय, याच्यावरून मिळवून घ्या म्हंजे फिकर नाय." मूळ उर्दू कागदही सोबत होता. तुमचं ते मोत्यासारखं अक्षर, खाली सही. मी सवयीनं साल तपासलं. पुन्हा तपासलं. बोटांवर केलं, मग पाटीवर केलं. तुम्ही फसली साल हिजरी धरलं होतं. तीच चूक, अण्णा. अगदी तीच.

मला किती आनंद झाला ते लिहायला लाज वाटते. पटेलांना चहा ठेवते म्हणून मी आत गेले, तुमच्यामागं माझ्याकडं राहायला आलेली आई मेथी निवडत बसली होती, तिच्यासमोर कागद धरला आणि म्हणाले, "बघ तुझ्या नवऱ्यानं काय करून ठेवलंय." आईला उर्दू येत नाही, पण तिनं तुमची सही आणि खालची तारीख बघितली आणि मेथीची जुडी खाली ठेवली. म्हणाली, "त्या वर्षीचा आहे हा. एवढा एक निसटला वाटतं." मी विचारलं कुठून निसटला. तेव्हा ती बोलली. तुम्ही पन्नास-एक्कावन्नचे होतात तेव्हा सहा महिने तुमचं डोकं चालेना. झोप नाही, नावं आठवेनात, ताटावर बसल्या बसल्या डोळ्यांतून पाणी. दोन कागदांत घोळ झाले आणि तुम्ही टेबल अडगळीत टाकायला निघालात. तेव्हा आईनं काय केलं, तर बाहेरच्यांना कावीळ सांगितली. दारात उभी राहून एकेकाला परत पाठवलं, पुढच्या महिन्यात या म्हणून. आणि जे अडलेले कागद द्यावेच लागत होते, त्यांचं साल लिहिलंत की वाढता वाढता विचारायची, "फसली का हिजरी? पाचशे नव्वद मिळवले का?" रोज, प्रत्येक कागदाला. "मला काय कळत होतं त्यातलं," आई म्हणाली, "पण विचारलं की ते पुन्हा बघायचे."

मला ती कावीळ आठवते. बिनतिखटाची भाजी आठवते. नऊ-दहा वर्षांची मी अंगणात खेळत असताना लोकांना ओरडून सांगायचे, अण्णा पिवळे झालेत. आणि मला काही कळू दिलं नाहीत, दोघांनी मिळून. मी आईला विचारलं, "मग मला का नाही विचारलंस गं? उन्हाळाभर माझं काय चाललंय ते दिसत नव्हतं का?" आई म्हणाली, "तू आपली खंबीर आहेस. त्यांना सांभाळावं लागायचं." आणि परत मेथी निवडायला लागली. इतकी वर्षं मी तुमच्या डोक्याचा हेवा केला, अण्णा. ते तर माझ्यासारखंच निघालं. आता हेवा वाटतो तो त्या दाराचा. कुणीतरी तुमच्यासाठी दारात उभं राहून धादांत खोटं बोललं, सहा महिने. मला माझ्या दारात मीच जाऊन सांगावं लागलं, की हो, चूक माझीच आहे.

पटेलांना मी स्पष्ट सांगितलं, की हे साल चुकलंय आणि चूक अण्णांची आहे. कागद विरला होता म्हणता आलं असतं, म्हटलं नाही. आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं. पटेलांनी बशीत चहा ओतला. मग म्हणाले, "आसंल. अण्णा बी मानूसच व्हते की," आणि चहा प्यायले. बस्स, एवढंच. माझी चूक तीन आठवडे गावभर, तुमची एका कपात संपली. खरं सांगू का, त्या वेळी मला तुमचा जेवढा राग आला तेवढा तुम्ही जिवंत असताना कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी टेबलावर बसले. अजून बसते. वाफा येतात, नावं जातात, साल मात्र तीनदा तपासते. हे पत्र घालायचं कुठं हा प्रश्नच नाही, खणातच राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. पटेलांना मी नवी दुरुस्त प्रत करून दिली आणि तुमच्या हातचा तो चुकलेला कागद ठेवून घेतला. मी त्यांना म्हणाले, अजून तपासायचाय. तपासून कधीच झालाय, अण्णा. दिवसातून एकदा काढून बघते, बरं वाटतं.