उजवीकडची स्प्रिंग

रोडपाली

हरेशभाऊजी,

तुमच्या भावाची गाडी तयार आहे. मागच्या दाराचं रबर बदललं, आता आत पाणी येत नाही. गेल्या महिन्यात गाडी बघून तुम्ही म्हणालात, "वैनी, उजवीकडं कललीय ही. शिवादादासारखीच वाकडी. अशी नाय नेनार मी." म्हणून पुढच्या दोन्ही स्प्रिंगा मी स्वतःच बदलल्या. वाचायला एकटीच शिकले होते, तसंच हेही पुस्तकातली चित्रं बघत केलं. स्प्रिंग दाबायचं अवजार तेवढं गॅरेजमधून मागून आणलं.

जुन्या स्प्रिंगा काढून शेजारी शेजारी उभ्या केल्या. उजवीकडची दोन बोटं आखूड निघाली. अकरा वर्षं हे, तुमचे शिवादादा, त्याच बाजूला बसून गाडी चालवत होते. त्यांच्या वजनाने ती दबली, आणि ते गेल्यावरही तशीच राहिली होती. मी तिला बिघाड समजले आणि काढून टाकली.

हे पत्र तुम्हाला पाठवणार नाही. फोनवर एवढंच सांगेन, गाडी सरळ झाली, घेऊन जा.

काल मी त्यांच्या जागेवर बराच वेळ बसले. माझ्या वजनाने गाडी कुठेच कलली नाही.

तुमची वैनी,
मनिषा