दोन अक्षरं खोडून एक

पोल्तावा, १४ ऑक्टोबर २००६

प्रिय ओस्ताप,

‘प्रिय’ लिहिलं आणि बराच वेळ पेन हातात धरून बसले. पण खोडलं नाही. तेवीस वर्षांनी लिहायचं म्हटल्यावर कुठून तरी सुरुवात करायलाच हवी.

मी बरी आहे. आई गेल्या हिवाळ्यात गेली, शेवटपर्यंत माझ्यावर खेकसत. आज सकाळपासून कोबी चिरून मीठ लावत होते, त्यामुळे बोटं चरचरतायत. अक्षर वाकडं आलं तर समजून घे. सूतगिरणीत अकरा वर्षं काढल्यावर इथल्या साप्ताहिकानं मला पुन्हा मुद्रितं तपासायला घेतलं. तिथली पोरं मला घाबरतात. त्यांना वाटतं, स्वल्पविरामावरून ही बाई कुणाचाही गळा धरेल.

कीवमधली ती शेवटची मुद्रितं तुला आठवतच असतील. चौथीचं वाचनपुस्तक. ‘युक्रेनवर गहू पिकतो.’ मी ‘वर’ ही दोन अक्षरं खोडून ‘त’ हे एकच अक्षर लिहिलं. युक्रेनात. तू विभागाचा संपादक होतास आणि जूनमध्ये आपलं लग्न ठरलेलं. जिन्यात गाठून तू मला समजावलंस, की पोलिश लोक ‘हंगेरीवर’, ‘लिथुआनियावर’ असंच म्हणतात, तेवढ्यानं हंगेरी काही लहान झाली नाही. मी म्हटलं, त्यांचं ते हंगेरीवाल्यांशी बघून घेतील. डोंगरावर, बेटावर, माळावर म्हणतात. पण फ्रान्सात, पोलंडात. मग आपलाच देश तेवढा माळ का? तू हसला नाहीस. आपल्या विभागातल्या क्लावदियाबाई माझ्या हातातलं पेन काढून घेत म्हणाल्या, “एका अक्षरापायी कशाला जीव टाकतेस गं? ‘वर’ म्हण आणि जेवायला चल.” मी जेवायला गेले, पण अक्षर तसंच ठेवलं. पुस्तक तसंच छापून झालं, आणि मग वरून हुकूम येऊन सगळ्या प्रती लगद्याला गेल्या.

चौकशीच्या दिवशी प्रकाशनगृहाच्या संचालकांनी मला देशाच्या नावाची व्युत्पत्ती शिकवली. “नावाचा अर्थच मुळी कड. मग राहा की कडेवर, मुकाट्यानं.” मला लहानपणी वडिलांनी वेगळं सांगितलं होतं, की नावातला ‘क्राय’ म्हणजे मुलूख, आणि आपलं नाव म्हणजे आतला, आपला मुलूख. पंडितांचं अजून यावर एकमत नाही; खरं कुठलं ते शपथेवर मीही सांगणार नाही. पण तेव्हा तोंडातून निघून गेलं, “कडेवर लेकरं बसतात, कॉम्रेड. आम्ही देशात राहतो.”

मग तू उठलास आणि टाइप केलेला कागद वाचलास. यारिना हट्टी आहे, तिला वेळीच बजावलं होतं, या कृत्याशी माझा संबंध नाही. खाली तुझी सही. दुसऱ्या दिवशी मी पोल्तावाची गाडी धरली. तुझी आई स्टेशनवर आली होती, हे तुला तिनं कधी सांगितलं नसेल. तिनं माझ्या हातात सफरचंदांची पिशवी दिली.

सूतगिरणीत मी रडले नाही असं नाही. पण ते अक्षर लिहायला नको होतं, असं एकदाही वाटलं नाही. आता तर वर्तमानपत्रांतूनही ‘युक्रेनात’च छापतात. त्यासाठी कुणाची नोकरी गेली होती, हे कुणाला ठाऊक नाही, आणि माझी त्याबद्दल तक्रारही नव्हती.

नव्हती, ती गेल्या सोमवारपर्यंत. तुझ्या आठवणींच्या पुस्तकाची मुद्रितं पोचली. ‘तुझ्या नजरेखालून एकदा जाऊ दे’ ही चिठ्ठीही वाचली. सगळी तपासून सोबत परत पाठवतेय. स्वल्पविराम तू अजूनही उधळतोस. पान एकशे बारावर ‘ती दोन अक्षरं मी खोडली’ असं लिहिलंयस. तिथला ‘मी’ काढून माझं नाव घातलंय. आपल्या युक्रेनी भाषेत अशा वेळी क्रियापदही बाईचं करावं लागतं, तेही केलंय. तू वाचलेल्या कागदाचा उल्लेख कुठेच नाही, तो समासात लिहून दिलाय. हे पटत नसेल तर तुझ्या मनासारखं छाप. मी इथल्या साप्ताहिकात शुद्धिपत्र छापीन, खाली माझी सही करून.

तुझी एकेकाळची,
यारिना